कास्टिंगला कोपरा नसतो

परवा तू ते इंजिन माझ्या पुढ्यात ठेवलंस आणि विचारलंस, "आबा, कसं झालंय?" मी चष्मा पुसत बसलो. खरं सांगितलं असतं तर तू जेवला नसतास, आणि घरात पांढरा रस्सा होता. आता दोन दिवस झाले, सांगतो. ते इंजिन नव्हतं, चाळ होती. काटकोनात कापलेला सनबोर्डचा डबा, एका अंगाला सहा नळ्या, दुसऱ्या अंगाला सहा नळ्या, वर झाकण. मेहनत दिसत होती, जोड स्वच्छ होते. पण हातात घेऊन फिरवलं तेव्हा मनात एकच आलं: हा ब्लॉक वाळूतून बाहेर निघाला कसा? निघालाच नसता. चारही कडा मोल्डला धरून बसल्या असत्या आणि पॅटर्न उचलताना अर्धी वाळू सोबत आली असती.

उद्यमनगरात माझी उमर पॅटर्न करण्यात गेली. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूची लाकडी प्रत करायची, वाळूत दाबायची, अलगद उपसायची. मागे जी पोकळी उरते तिच्यात रस जातो. त्यामुळे मी इंजिनाकडे बघतो ते वाळूच्या अंगाने. तुला जे शिकवायचंय ते एवढंच. चिकटवणं, रंगवणं तुझे हात माझ्यापेक्षा चांगलं करतील, माझे आता हलतात.

कुठलाही भाग करायला घेण्याआधी त्याला विचार, बाबा तू जन्मलास कसा? ओतून, पत्रा दाबून, तासून की नळी वाकवून? ओतलेल्या वस्तूला धारदार कोपरा नसतो. बाहेरचा कोपरा घासल्यासारखा गोल, आतला कोपरा भरून आलेला, आणि उभ्या बाजू नावालाच उभ्या. त्या अंश-दीड अंश कललेल्या असतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात, आणि तो नसेल तर पॅटर्न वाळूतून सुटत नाही. तासलेला भाग याच्या उलट: सपाट, चकचकीत, कडेला बोट कापेल अशी धार. पत्रा दाबून केलेला भाग पातळ, कडेला बाहेर वळलेला, मधे कुठेतरी ताठपणासाठी उठवलेली पन्हळ. एका इंजिनात या सगळ्या जाती शेजारी-शेजारी राहतात. नकली मॉडेलमध्ये सगळ्यांचा चेहरा एकच असतो, म्हणून बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चुकलंय हे कळतं.

आता इंजिन कुठलं करायचं. तू मोबाइलवर कुठलंतरी जर्मन इंजिन दाखवलंस. त्याच्यावर काळं प्लॅस्टिकचं झाकण, आणि झाकणाखाली काय आहे ते कारखान्यालाच ठाऊक. पहिलं इंजिन उघडंबोडकं असावं. माझं ऐकशील तर जुनी शेव्हरलेट घे, दोनशे सोळा क्युबिक इंचाची. शेव्हरलेटने 1929च्या गाडीत पहिल्यांदा हे सहा सिलिंडरचं, वरच्या व्हॉल्व्हचं इंजिन बसवलं तेव्हा चार सिलिंडरच्या किमतीत सहा अशी जाहिरात केली होती. ते 194 क्युबिक इंचाचं होतं. 216चं 1937मध्ये आलं आणि मोटारींत 1952पर्यंत चाललं. हे अमेरिकेचं झालं. पण शेव्हरलेटची कंपनी जनरल मोटर्स 1928पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती, ती 1954मध्ये थांबली. त्यामुळे ही इंजिनं आपल्याकडे टॅक्सीत, लॉरीत, एसटीच्या सुरुवातीच्या काही गाड्यांत फिरली. लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाला अशी एक टॅक्सी उभी असायची. तिचं बॉनेट उघडलं की आम्ही पोरं खेळ सोडून धावायचो. (दसरा चौकात महाराजांची मेबॅक येते तीही बघून ये, पण तिचं बॉनेट तुझ्या-माझ्यासाठी कोण उघडणार?)

माप. तू 1/24 धरलं होतंस. पहिल्या खेपेला इतकं बारीक कशाला? 1/8 धर, आणि मिलिमीटर सोडून दे. एक इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. म्हणजे खऱ्या इंजिनाचा एक इंच तो आपला एक सूत. या इंजिनाचा बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक पावणेचार. झालं, तुझा बोअर साडेतीन सूत, स्ट्रोक पावणेचार सूत. कॅल्क्युलेटर लागत नाही, आणि जे माप डोक्यात बसतं ते हातात उतरतं. सुताची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात अजून मिळते. फक्त माझ्या पेटीतली पितळी पट्टी घेऊ नकोस. ती पॅटर्नची पट्टी आहे, फुटाला एक सूत मोठी. बीड थंड होताना शेकड्याला एक या हिशेबाने आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच फुगवलेली असते. शेजाऱ्याने एकदा तीच पट्टी मागून नेऊन खिडकीची काच कापून आणली होती. काच चौकटीत बसली नाही, आणि त्याने काचवाल्याला शिव्या घातल्या.

खरं इंजिन समोर मिळालं तर सोनं. व्हिंटेज गाड्या ठेवणारे लोक मनाने मोकळे असतात, आधी विचारलं तर हौसेने दाखवतात. इंजिन थंड असू दे, आणि हात लावण्याआधी मालकाच्या तोंडाकडे बघ. फोटो काढताना जवळ जाऊन काढू नकोस. जवळून काढलेल्या फोटोत मधले सिलिंडर फुगतात, टोकाचे आकसतात, आणि त्यावरून घेतलेली सगळी मापं खोटी. पंधरा-वीस फूट मागे हो, झूम कर, आणि ब्लॉकच्या अंगाला टेकवून एक स्टीलची फूटपट्टी फोटोत येऊ दे. त्या एका पट्टीवरून बाकी सगळं काढता येतं.

मापं कागदावर घेताना एका सिलिंडरवरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असं पुढे सरकायचं नाही. प्रत्येक वेळी अर्धा केस चुकतोस, आणि सहाव्यापर्यंत त्या केसांची शेंडी होते. ब्लॉकचं पुढचं तोंड हे शून्य. सगळी मापं तिथून. आणि सिलिंडरमधलं अंतर सगळीकडे सारखंच आहे असं धरून चालू नकोस. या क्रँकला मेन बेअरिंग चारच आहेत, म्हणजे प्रत्येक दोन सिलिंडरच्या दोन्ही अंगांना एकेक घर. असल्या इंजिनात जिथे बेअरिंग तिथे जागा जास्त लागू शकते. फोटोवरून प्रत्येक माप वेगळं घे.

डावं-उजवं आधीच कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. डावं म्हणजे गाडीत बसलेल्या माणसाचं डावं, बॉनेटसमोर उभं राहणाऱ्याचं नव्हे. या इंजिनात मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटर डावीकडे. प्लग, डिस्ट्रिब्युटर आणि पेट्रोल पंप उजवीकडे. हे इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. मी पन्नाशीत असताना हेच इंजिन सागवानात केलं होतं. जुन्या मॅन्युअलमधलं चित्र ट्रेसिंग पेपरवर उतरवलं आणि तो कागद लाकडावर उताणा लावायचा तो पालथा लावला. चार महिने काम केलं, पॉलिश केलं, काचेच्या पेटीत ठेवलं. एके दिवशी एक म्हातारा ड्रायव्हर घरी आला. पेटीपुढे उभा राहिला, मान या खांद्यावर टाकून बघितली, मग त्या खांद्यावर. म्हणाला, "मिस्त्री, आरशात बघून केलंय काय?" सगळं इंजिन उलटं. इतके दिवस मलाही दिसलं नव्हतं, तुझ्या आजीला तर दिसायचं कारणच नव्हतं. तिने तेव्हापासून आरशाचा विषय सोडला नाही.

आता ब्लॉक. तुझा सनबोर्ड वाईट नाही, हलका आहे, कापायला सोपा. पण त्याची कड दाबली की दबते, आणि घासून गोल करायला गेलं की आतली भोकं उघडी पडतात. गोल कड हाच तर सगळा खेळ आहे. ब्लॉक आणि हेड लाकडात कर. सागवान नको, त्याच्या रेषा रंगाच्या चार थरांतूनही वर येतात. हळदू मिळाला तर बघ. जुने कंगवे, पट्ट्या याच लाकडाच्या व्हायच्या. पिवळसर, घट्ट, रेषा जवळजवळ नाहीतच. वखारीत चोरशाचा उरलेला तुकडा मागितला तर फुकटही मिळेल. गुण्यात तास, मग बाजूंना मघाशी सांगितलेला ड्राफ्ट दे: वरच्या टोकाला रंध्याची एक जास्तीची झिलपी काढली की पुरे. डोळ्याला दिसू नये, पण बोट फिरवल्यावर कळावं एवढाच.

मग चपड्याचं पॉलिश. आम्ही पॅटर्नला तेच देत होतो, वाळूतला ओलावा लाकडात शिरू नये म्हणून. तुला ते लाकडाचे केस बसवायला लागेल. पहिला हात दिला की लाकूड खरखरीत होतं, केस उभे राहतात. घाबरू नकोस, वाळू दे, तीनशेवीस नंबरच्या कागदाने हलकं घास, दुसरा हात. तिसऱ्या हातानंतर ते लाकूड राहत नाही. पावसाळ्यात हे काम काढू नकोस. पॉलिशवर पांढरी साय येते आणि ती काढण्यात रविवार जातो.

आता मुख्य गोष्ट, आतल्या कोपऱ्याची. जिथे एक पृष्ठभाग दुसऱ्याला काटकोनात भेटतो, तिथे ओतकामात कधीही रेघ नसते. तिथे धातू भरून आलेला असतो, त्याला फिलेट म्हणतात. तो शोभेसाठी नसतो. धारदार आतल्या कोपऱ्यात थंड होताना धातू ताणला जातो आणि तिथेच तडा जातो. म्हणून आम्ही पॅटर्नच्या प्रत्येक आतल्या कोपऱ्यात मेणाची वात बसवायचो आणि लोखंडी दांडीच्या टोकाची गोळी जराशी गरम करून तिच्यावरून फिरवायचो. एका दमात, मधे न थांबता. थांबलं की तिथे खळगा पडायचा. मोठ्या फिलेटला चामड्याच्या पट्ट्या मिळायच्या, तिकोनी. तुला मेण नको, एम-सील घे. दोन्ही रंग एकजीव होईपर्यंत मळ, सुतळीएवढी वात वळ, कोपऱ्यात ठेव. मग मोत्याच्या टाचणीचा मोती पाण्यात बुडवून त्याच्यावरून ओढ. पाणी विसरलास तर ते मोत्याला चिकटून वर येईल. मोती अर्ध्या सुताचा निवड, म्हणजे खऱ्या इंजिनातला अर्ध्या इंचाचा गोळा, म्हणजे पाव इंचाचा रेडिअस. ब्लॉकला हाच पुरतो. कडेला जी बारीक साल उरते ती वाळण्याआधी ओल्या कापडाने पुस. वाळल्यावर कानशीने काढायला गेलास तर फिलेटही जाईल.

हे एक केलंस तरी तुझ्या त्या चाळीचं निम्मं इंजिन होईल. बाहेरच्या कडांवरून चारशे नंबरचा कागद दोन-दोनदा फिरव, पण हेड जिथे ब्लॉकवर बसतं त्या रेषेला हात लावू नकोस. ती मशीन मारलेली कड आहे, तिथे धारच पाहिजे. दोन गोल अंगांच्या मधे ती एक कडक सरळ रेषा दिसली की डोळा फसतो.

पृष्ठभागाच्या खरखरीतपणात सगळी नवी पोरं वाहवत जातात. बीड म्हणजे खरखरीत, असं धरून रंगात रांगोळी मिसळतात. वाळूचा कण पाव मिलिमीटरचा धरलास तरी आठपट लहान केल्यावर तो डोळ्याला दिसतच नाही. नुसत्या करड्या प्रायमरमध्ये चिमूटभर टाल्कम पावडर पुरे. उजेडात तिरकं धरलं तर चमक मारू नये, एवढंच हवं.

ब्लॉकच्या अंगाला गोल टोप्या बसवलेल्या दिसतील, त्या विसरू नकोस. ब्लॉकच्या आतली पाण्याची पोकळी कोअरने, म्हणजे वाळूच्या गाभ्याने होते, आणि ओतल्यावर ती वाळू बाहेर काढायला आणि कोअर धरून ठेवायला भोकं लागतात. मग ती पत्र्याच्या टोपीने बुजवतात. पुष्कळ लोक समजतात की पाणी गोठलं की उडून ब्लॉक वाचवायला त्या आहेत. कधीतरी उडत असतील, पण त्या आहेत आमच्या फौंड्रीसाठी. ब्लॉकमध्ये खोल बसव, काठ दिसला पाहिजे. पंचाने सॉफ्ट पत्र्याच्या चकत्या पाड आणि पेनाच्या मागच्या टोकाने रबरावर दाबून वाटीसारख्या कर.

आता तुझ्या बारा नळ्या. पहिल्या दिवशी तुझ्या पाठीत धपाटा घालणार होतो तो यासाठी. तू धरलंस की सहा सिलिंडर म्हणजे सहा नळ्या आत येणाऱ्या आणि सहा बाहेर जाणाऱ्या, आणि त्याही दोन अंगांना. या इंजिनात येणं आणि जाणं दोन्ही डावीकडूनच. आणि हेडच्या तोंडाला भोकं आहेत सात. व्हॉल्व्ह पुढून मागे असे ओळीत बसलेत: पहिला एक्झॉस्टचा, मग दोन इनलेटचे, मग दोन एक्झॉस्टचे, अशाच जोड्या पुढे, आणि शेवटी पुन्हा एकटा एक्झॉस्ट. शेजारच्या दोन इनलेटना मिळून एकच भोक. मधल्या एक्झॉस्टच्या जोड्यांनाही एकेकच. मोज बघू: इनलेटची तीन, एक्झॉस्टची चार. एक आड एक. टोकाची दोन्ही एक्झॉस्टची आणि एकेरी. हे एकदा कळलं की मॅनिफोल्डचा आकार पाठ करावा लागत नाही, आपोआप येतो: वर इनलेटचे तीन हात, खाली एक्झॉस्टचे चार, आणि मध्यभागी, कार्ब्युरेटरच्या बुडाशी, दोन्ही एकमेकांना टेकलेले. तिथे जळक्या वाफेच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ नीट व्हावी म्हणून मुद्दाम टेकवलेत. या टेकण्याच्या जागी फट ठेवू नकोस.

मॅनिफोल्डचे हात एम-सीलमध्ये कर, पण आत तांब्याच्या तारेचा सांगाडा घाल. तार वाकवताना वळण मनगटासारखं यावं, कोपरासारखं नव्हे. आणि मॅनिफोल्डच्या पोटावरून लांबीला एक बारीक रेघ जाते, दोन मोल्ड एकमेकांवर बसल्याची खूण, पार्टिंग लाइन. ग्राइंडरवर ती घासतात, पण पुरती कधी जात नाही. एम-सील ओलं असताना ब्लेडच्या पाठीने दोन्ही बाजूंनी अलगद खरवडलंस की मधे केसाएवढी रेघ उठते. इथे अर्धा दिवस गेला तरी जाऊ दे.

पत्र्याची कामं याच्या उलट, झटपट होतात. वरचं टॅपेट कव्हर, खालचं ऑइल पॅन, पुढचं टायमिंग कव्हर, आणि उजव्या अंगाचं उंच साइड कव्हर, ज्याच्यामागे पुशरॉड असतात. 216ची ओळखच ती: साइड कव्हर ब्लॉकवरून हेडवर चढत वरपर्यंत जातं आणि प्लग त्याच्यातल्या भोकांतून डोकावतात. आणि वरच्या कव्हरला माथ्यावर दोनच नट. 1954पासूनच्या मोठ्या इंजिनात कव्हरच्या कडेला चार स्क्रू आले आणि साइड कव्हर बुटकं झालं. हे चुकवलंस तर जाणता माणूस दारातूनच हसेल. एका सुतावर आठ सूत बसवायचं म्हणजे पत्राही तसाच पातळ पाहिजे. खरा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपासचा, तेव्हा आपला आठवा हिस्सा. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असतो, पण कडक. त्याहून सोपा पार्सलचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा. हळदूच्या ठोकळ्यावर ठेवायचा आणि टूथब्रशच्या दांड्याने मधून कडेकडे घासत न्यायचा. सुरकुती पडली की थांब, नवा तुकडा घे. डबा आजीला विचारून घे, ती धुऊन ठेवते.

स्क्रू. या इंजिनाला अमेरिकेत स्टोव्हबोल्ट म्हणायचे. कव्हरं धरणारे स्क्रू खाचेचे होते, जुन्या लोखंडी चुलींना असायचे तसले, म्हणून. तेव्हा तुला षटकोनी डोकी कोरत बसायची गरज कमीच. चष्म्याच्या दुकानात जा, दांडीचे स्क्रू माग. खाचेचं डोकं, बारीक दांडी. थोडे मोठे पडतील, पण खरे स्क्रू आहेत, आवळता येतात. भोक पिनव्हाइसने पाड, हातानेच, आणि आवळताना सगळ्यांच्या खाचा एका दिशेला आणू नकोस. खऱ्या मेकॅनिकच्या हातून तसं कधी होत नाही. हेडचे बोल्ट मात्र षटकोनी, ते षटकोनी प्लॅस्टिक रॉडच्या चकत्या कापून लाव.

चिकटवण्याबद्दल एकच. फेविक्विक सरळ नळीतून कधी टाकू नकोस. शिवणाच्या सुईचं नाक वरून कापलं की दोन शिंगं उरतात. ती शिंगं काचेवरच्या थेंबात बुडव. त्यांच्यामधे जेवढं चढतं तेवढंच हवं असतं. जोडाला शिंगं टेकवली की थेंब आपण होऊन आत पळतो. रंग झाल्यावर फेविक्विक नको, त्याची वाफ जवळच्या रंगावर पांढरी बसते. तिथे अ‍ॅराल्डाइट, रात्रभर. आणि तुझा तो क्लोरोफॉर्म, अ‍ॅक्रिलिक जोडायचा, तो खिडकी उघडी ठेवूनच. गेल्या वेळी दुपारी तू झोपलास तो थकून नव्हे.

तुझ्या मनात एक बाजू कापून आतले पिस्टन दाखवायचं आहे, असं तुझी आई म्हणाली. छान दिसेल, पण पिस्टन जिन्याच्या पायऱ्यांसारखे लावू नकोस. सहाच्या क्रँकमध्ये जोड्या असतात: पहिला-सहावा, दुसरा-पाचवा, तिसरा-चौथा, आणि जोड्यांत एकशेवीस अंशांचं अंतर. पहिला-सहावा अगदी वर असतील तर बाकीचे चौघेही एकाच उंचीवर, वरून सुमारे तीन सूत खाली. बघणाऱ्याला हे चुकीचं वाटेल. तेच बरोबर आहे, आणि याच जोड्यांमुळे सहाचं इंजिन चालू असताना त्याच्यावर पेला ठेवला तर पाणी हलत नाही असं जुने लोक सांगायचे. कनेक्टिंग रॉडच्या बुडाला चमच्यासारखा डिपर काढायला विसरू नकोस. रॉडच्या बेअरिंगला तेल त्यानेच मिळायचं, खालच्या पन्हाळीतून उडवून.

प्लगच्या वायरी खऱ्या 7 मिलिमीटरच्या, म्हणजे आपल्याला एक मिलिमीटरला जरा कमी. जुन्या लँडलाइनच्या केबलमधली एकेरी तार बरोबर बसते, पण आतलं तांबं जसं वाकवशील तसं अडून राहतं. ते ओढून काढ, नुसतं वरचं आवरण वापर. उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकलं की ते आपल्या वजनाने लोंबतं. फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर वायरी या क्रमाने निघतात, आणि म्हणून त्या एकमेकींना ओलांडतात. सुबकपणे एक ते सहा ओळीत लावल्यास तर इंजिन ढेकरही देणार नाही. पेट्रोलची नळी सोल्डर वायरची कर. पंप उजवीकडे, कार्ब्युरेटर डावीकडे, तेव्हा तिला इंजिनाला वळसा घालावाच लागतो. फॅन बेल्टला सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी, जोड पुलीच्या मागच्या अंगाला.

रंगात मी कमी बोलतो. 216 करडं असायचं, टॅपेट कव्हरसकट. पण एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर रंग टिकत नाही, पहिल्याच महिन्यात जळतो. तिथे गेरू घे, दिवाळीत आजी तुळशीवृंदावनाला लावते तोच. गेरूही लोखंडाचा गंजच असतो, त्याच्यासारखा गंज बाजारातल्या बाटलीत मिळत नाही. त्यात पणतीवर धरलेल्या वाटीची काजळी मिसळ, कोरड्या ब्रशने चोळ आणि फुंकर मार. कार्ब्युरेटरच्या बुडाशी जरा तेलकट डाग. ऑइल पॅनच्या कडेला जरा. बस, त्यापुढे हात जात असेल तर हात धुऊन ये.

हे सगळं सांगून झाल्यावर पुढे एके दिवशी तू हळदूचा दुसरा ब्लॉक आणलास, मॅनिफोल्ड जोडून. मी दिवा लावला नाही, खिडकीपाशी नेला आणि डोळे मिटून अंगठा फिरवला. हेडच्या रेषेला धार होती. फिलेट एका दमात ओढले होते, तिसऱ्या सिलिंडरपाशी एक खळगा होता पण तो मी बोललो नाही. मॅनिफोल्डची पार्टिंग लाइन मात्र सरळ पोटावर न येता चौथ्या हातापाशी वर सरकली होती. तुला दाखवली. तू लगेच माझी कानस मागितलीस. कानस दिली नाही, चारशे नंबरचा कागद दिला.